वीज गेल्यावरचा गारवा : सोयीचा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क

इस्लाम हा नमाज, रोजा, जकात आणि हज एवढ्यापुरता मर्यादित धर्म नाही, ती संपूर्ण जीवनपद्धती आहे, हे आपण वारंवार वाचतो आणि ऐकतो. या विधानाची खरी कसोटी मोठ्या प्रसंगांपेक्षा लहानसहान गोष्टींतच लागते. पाणी किती सांडले, शेजाऱ्याच्या दारासमोर काय ठेवले, रात्री आपल्या घरातून कोणता आवाज बाहेर गेला, अशा गोष्टींत ईमानदाराची ओळख पटते. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या अशाच एका प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. वीजपुरवठा खंडित झाला असता घरातील एसी जनरेटरवर चालविणे कितपत योग्य आहे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत उकाडा चढत जातो आणि संध्याकाळी वळीव कोसळतो. वाऱ्याने झाडांच्या फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. ती कधी तासाभरात येते, कधी मध्यरात्र उलटल्यावर. पूर्वी अशा वेळी माणसे कट्ट्यावर, अंगणात येऊन बसत. आता अंगणे उरली नाहीत, स्लॅबची घरे दिवसभराची उष्णता रात्री आत सोडत राहतात, आणि ज्यांची ऐपत आहे त्यांच्या घरी जनरेटर सुरू होतो. सारी गल्ली अंधारात असते, एका घराची खिडकी मात्र उजळलेली असते. त्या घरातील खोली गार असते आणि बाहेर यंत्राची घरघर चालू असते.

या प्रश्नाला दोन उत्तरे चटकन दिली जातात. पहिले असे की, कमाई हलाल आहे, यंत्र स्वतःच्या पैशाने घेतले आहे, इंधन स्वतः भरले आहे. मग इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय? दुसरे असे की, एसी म्हणजे चैन, आणि दीनदार माणसाने चैनीपासून दूर राहावे. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर शेजाऱ्याला विसरते, आणि दुसरे अल्लाहच्या कृपेला.

उन्हाळा सोसणे ही इबादत नव्हे

प्रथम दुसऱ्या उत्तराकडे पाहू. इस्लाम अरबस्तानात अवतरला. उष्णता म्हणजे काय, हे तेथील माणसांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. सूरह नहलमध्ये अल्लाहने मानवावरील आपल्या उपकारांची गणना केली आहे. त्यात सावलीचा, डोंगरातील आश्रयस्थानांचा आणि उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या वस्त्रांचा आवर्जून उल्लेख आहे. म्हणजे उकाड्यापासून बचाव करणे ही दुर्बलता नसून, तो बचाव ही नेमत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कडक उन्हाच्या दिवसांत जुहरची नमाज ऊन थोडे उतरेपर्यंत लांबविण्याची शिकवण दिली, असे सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आले आहे. नमाजसारख्या श्रेष्ठ इबादतीतही मानवी शरीराच्या सहनशक्तीचा विचार केला गेला.

त्याहून स्पष्ट उदाहरण अबू इस्राईल नावाच्या सहाबींचे आहे. त्यांनी नवस केला होता की रोजा ठेवून उन्हात उभे राहायचे, बसायचे नाही, सावलीत जायचे नाही आणि कोणाशी बोलायचेही नाही. प्रेषितांनी (स.) हे पाहिले तेव्हा त्यांना बसण्यास, सावलीत येण्यास व बोलण्यास सांगितले, केवळ रोजा पूर्ण करण्यास सांगितले. रोजा ही इबादत होती, उन्हात तापणे ही इबादत नव्हती. शरीराला विनाकारण क्लेश देऊन अल्लाहची प्रसन्नता मिळत नाही. सूरह आराफमध्ये तर अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि शुद्ध आहार निषिद्ध ठरविणाऱ्यांनाच जाब विचारला आहे.

म्हणून गार खोली ही मुळात निषिद्ध वस्तू नाही. धर्मशास्त्राचा प्रसिद्ध नियम आहे की, निषेधाचा पुरावा मिळेपर्यंत वस्तू मूलतः वैध असतात. घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध आई असेल, नुकते जन्मलेले मूल असेल, हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर त्याच्यासाठी उकाडा कमी करणे ही सेवा आहे, आणि कित्येकदा ते कर्तव्यही आहे. अशा घरातील जनरेटरकडे पाहून ‘श्रीमंतीचे प्रदर्शन’ म्हणणारा स्वतःच बदगुमानीचा अपराध करतो.

गरज, सोय आणि हौस

तथापि सूरह आराफच्या त्याच ठिकाणी, शोभेला वैध ठरविणाऱ्या आयतीच्या आधीच्या आयतीत, खाण्यापिण्याची परवानगी देऊन मर्यादा न ओलांडण्याची ताकीदही आहे. यालाच ‘इस्राफ’ म्हणतात. इस्राफ हा वस्तूत नसतो, प्रमाणात असतो. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे जे वर्णन आहे त्यात ते उधळेपणाही करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत, दोहोंमधल्या मार्गाने खर्च करतात, असे सांगितले आहे. मग या बाबतीत मधला मार्ग कोणता?

अंदलूसचे महान विद्वान इमाम शातिबी (मृत्यू हिजरी ७९०) यांनी शरीअतच्या उद्दिष्टांचे विवेचन करताना मानवी हितांच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली पायरी ‘जरूरियात’ची, म्हणजे ज्यांच्या अभावी जीव, दीन, बुद्धी, वंश किंवा मालमत्ता धोक्यात येते अशा गोष्टींची. दुसरी ‘हाजियात’ची, ज्यांच्या अभावी जीवन चालते पण त्रासाचे होते. तिसरी ‘तहसीनियात’ची, म्हणजे जीवनाला सौंदर्य व सफाई देणाऱ्या गोष्टींची. वरच्या पायरीसाठी खालच्या पायरीचा बळी देता येत नाही, हा या विवेचनाचा गाभा आहे.

वीज गेलेल्या रात्रीला हे माप लावून पाहू. ऑक्सिजनचे यंत्र, वाफारा देणारे नेब्युलायझर, इन्सुलिन ठेवलेला फ्रिज, पिण्याचे पाणी वर चढविणारा पंप या गोष्टी पहिल्या पायरीवर येतात. दिवा व पंखा दुसऱ्या पायरीवर. एसी साधारणपणे दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या मध्ये कोठेतरी असतो, आणि माणसागणिक व प्रसंगागणिक त्याची जागा बदलते. उष्माघाताची भीती असलेल्या आजीसाठी तो पहिल्या पायरीवर उतरतो. धडधाकट तरुणासाठी, पंखा पुरेसा असताना, तो तिसऱ्या पायरीवर चढतो. यंत्र तेच, खोली तीच, पण हुकूम बदलतो.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडेल, कारण इस्राफची चर्चा हिशेबावाचून हवेत राहते. दीड टनाचा साधा एसी चालू असताना सुमारे दीड हजार वॅट वीज घेतो. छताचा साधा पंखा सत्तर ते पंचाहत्तर वॅट घेतो, आणि नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास. म्हणजे एका एसीच्या विजेवर वीस साधे पंखे चालतात. पंधरा घरांत एकेक पंखा आणि दोन-दोन एलईडी दिवे लावले तरी ती वीज पुरते. पुन्हा, जुन्या पद्धतीचा एसी सुरू होताना क्षणभर कितीतरी पट अधिक वीज खेचतो. म्हणून केवळ त्या एका क्षणासाठी मोठा जनरेटर घ्यावा लागतो आणि उरलेला वेळ तो अर्ध्या भाराने इंधन जाळीत राहतो. पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर एवढ्या कामासाठी तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पितो. प्रत्येक लिटरमागे दोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता विचार करावा. वीज एक तासासाठी गेली आहे, सारे घर निरोगी आहे, इन्व्हर्टरवर पंखा फिरतो आहे, तरीही केवळ सवय मोडू नये म्हणून तीन खोल्यांतील तीन एसी चालवायचे, तर हा खर्च कोणत्या पायरीवर बसतो? पैसा आपला असेल, पण सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्या माणसांना शैतानांचे भाऊ म्हटले आहे, आणि तेथे त्यांनी पैसा कोठून आणला असा प्रश्न नाही. हलाल कमाईचाही अपव्यय होऊ शकतो. किंबहुना इस्राफची ताकीद मुख्यतः हलाल कमाईवाल्यांसाठीच आहे, कारण हराम कमाईला तर मुळातच मनाई आहे.

भिंतीपलीकडचा माणूस

येथपर्यंतचा विचार माणूस आणि त्याची मालमत्ता यांच्यापुरता होता. आता पहिल्या उत्तराकडे, ‘माझे यंत्र, माझा पैसा’ या युक्तिवादाकडे वळू.

जनरेटरचा गारवा घरात राहतो, परंतु त्याचा आवाज, धूर आणि उष्णता बाहेर जाते. ही त्या यंत्राची रचनाच आहे. एसीचा बाहेरचा भाग खोलीतील उष्णता गल्लीत टाकतो, आणि ज्या शेजाऱ्याचा पंखाही बंद आहे त्याच्या उघड्या खिडकीतून ती आत शिरते. वीज गेल्याने त्याला खिडकी उघडी ठेवावीच लागते, आणि म्हणूनच आपल्या यंत्राचा धूर व आवाज नेमका त्याच रात्री त्याच्या घरात जातो. भार आपण उचलीत नाही, तो त्याच्यावर ढकलतो.

सूरह निसामध्ये आईवडील, नातलग, अनाथ व गरीब यांच्याबरोबरच जवळच्या शेजाऱ्याशी आणि परक्या शेजाऱ्याशी सद्वर्तनाची आज्ञा आहे. हा हक्क मुस्लिम शेजाऱ्यापुरता नाही, हे भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो ईमानदार नाही, असे प्रेषितांनी (स.) तीनदा शपथ घेऊन सांगितल्याचे बुखारीत आले आहे. आणि कोणालाही हानी पोहोचवू नये व हानीच्या बदल्यात हानी करू नये, या अर्थाच्या हदीसवर फिकहच्या एका मोठ्या प्रकरणाची उभारणी झाली आहे.

आपले फकीह या बाबतीत किती बारकाईने विचार करीत, हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात हनफी फिकहच्या आधारे तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेत शेजाऱ्याच्या हानीचे स्वतंत्र नियम आहेत. घराला लागून लोहाराची भट्टी किंवा गिरणी असेल आणि तिच्या हादऱ्याने घर कमकुवत होत असेल, भट्टीच्या धुरामुळे किंवा तेलघाण्याच्या वासामुळे शेजारच्या घरात राहणे अशक्य होत असेल, तर ती गंभीर हानी समजून दूर करण्याचा आदेश तेथे आहे. भट्टी लोहाराच्या मालकीची आहे, त्याचा धंदा हलाल आहे, तो कर भरतो, या गोष्टी त्याला वाचवू शकत नाहीत. दुसरीकडे, शेजाऱ्याच्या प्रत्येक नाराजीला हानी मानलेले नाही. मालकाने आपल्या मालकीचा वापरच करू नये, इतका ताण फकीहांनी दिलेला नाही. त्यांनी पाहिले ते त्रासाचे गांभीर्य. शेजाऱ्याला झोपता येते का, श्वास घेता येतो का, घरात राहता येते का?

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डिझेल जनरेटरला आवाज रोखणारे आवरण असणे आणि एक मीटर अंतरावर त्याचा आवाज ७५ डेसिबलच्या आत असणे बंधनकारक आहे. आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नियमात बसणारे यंत्रसुद्धा अरुंद गल्लीत शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठेवले तर रात्रीची मर्यादा ओलांडू शकते. यंत्रावरील प्रमाणपत्र पाहून शेजाऱ्याचा हक्क फिटत नाही. त्यासाठी त्याच्या खिडकीपाशी जाऊन कान द्यावा लागतो.

दोन धोके तर जिवाशी खेळणारे आहेत. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद गॅलरीत, जिन्याखाली किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये जनरेटर चालविल्यास तो वरच्या मजल्यांवर पोहोचतो आणि झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. दुसरा धोका अनेकांच्या ध्यानात येत नाही. चेंजओव्हर स्विच न बसविता जनरेटरची वीज घराच्या वायरिंगमध्ये सोडली, तर ती मीटरमधून उलट बाहेरच्या तारांत जाऊ शकते. ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाताना तिचा दाब अनेक पटींनी वाढतो. त्याच वेळी भर पावसात कोणीतरी वायरमन, लाईन बंद आहे या भरवशावर, खांबावर चढलेला असतो. आपल्या गल्लीत वीज परत यावी म्हणून तो चढलेला आहे. एका निरपराध जिवाला मारणे म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणे, ही सूरह माइदाची शिकवण ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्या स्विचची किंमत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

टंचाईच्या दिवसांचा निराळा न्याय

तासा-दोन तासांसाठी वीज जाणे वेगळे आणि सारे शहर संकटात सापडणे वेगळे. कोल्हापूरकरांनी हा फरक अनुभवला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. वीज उपकेंद्रे पाण्यात गेली, पाणी उपसणारी केंद्रे बुडाली, आणि चहूकडे पाणी असलेल्या शहरात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्याने इंधनाची आवक थांबली. जुलै २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला. अशा दिवसांत एक लिटर पेट्रोल हे केवळ एका माणसाच्या पैशाचे राहत नाही. त्याच पेट्रोलवर मदतकार्याची बोट चालते आणि त्याच डिझेलवर रुग्णालयाचा जनरेटर व रुग्णवाहिका.

टंचाईत हुकूम बदलतो, याचे दाखले इस्लामी इतिहासात विपुल आहेत. हिजरी १८ मध्ये, ‘रमादा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळाच्या वर्षी, हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळत नाही तोवर स्वतः तूप खाण्याचे सोडले होते. तूप हराम झाले नव्हते. हलाल तुपाची ती वेळ नव्हती. अशअरी कबिल्याच्या लोकांची प्रेषितांनी (स.) मोठी प्रशंसा केली, ती यासाठी की प्रवासात किंवा शहरात शिधा कमी पडला की ते सर्वांजवळचे एकत्र करीत आणि समान वाटून घेत. एका सफरीत प्रेषितांनी (स.) जादा वाहन असलेल्याने वाहन नसलेल्यास आणि जादा शिधा असलेल्याने शिधा नसलेल्यास द्यावा असे सांगितले. हदीस सांगणारे सहाबी म्हणतात की, ते ऐकून आम्हाला वाटले, गरजेपेक्षा अधिक वस्तूवर आमच्यापैकी कोणाचा हक्कच उरलेला नाही.

म्हणून महापुराच्या दिवसांत कॅन भरभरून इंधन साठवून ठेवणे आणि ते खोली गार करण्यासाठी जाळणे, यात केवळ इस्राफ नाही. त्यात साठेबाजीचा दोषही मिसळतो. साठेबाजी करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) गुन्हेगार ठरविले आहे. २०१९ मध्ये बकरी ईद १२ ऑगस्टला आली, तेव्हा महापूर पुरता ओसरला नव्हता. त्या वर्षी ठिकठिकाणच्या मुस्लिम बांधवांनी ईद साधेपणाने साजरी करून पूरग्रस्तांसाठी हात पुढे केला. सणाच्या दिवशी जी समज दिसली, तीच इंधनाच्या वापरातही दिसावी, एवढीच अपेक्षा आहे.

अग्नीतील भागीदारी

अबू दाऊद व इब्न माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे, जिचा आशय असा की पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत. त्या काळातील अग्नी म्हणजे चूल आणि दिवा; आजच्या काळात ती वीज आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. यावर एक वाजवी आक्षेप घेतला जाईल. नदीचे पाणी सर्वांचे, पण घागरीत भरून आणलेले पाणी आणणाऱ्याचे, हे फकीहांनीच सांगितले आहे. मग जनरेटरची वीज ही घागरीतील पाण्यासारखी नाही का?

ती तशीच आहे. मालकी निःसंशय त्याची आहे. शेजाऱ्याने एसीच्या गारव्यात वाटा मागावा, असा हक्क शरीअतने दिलेला नाही. परंतु ज्या क्षुल्लक वस्तू दिल्याने देणाऱ्याचे काही कमी होत नाही, त्या नाकारणाऱ्यांसाठी सूरह माऊनमध्ये कठोर शब्द आहेत, आणि ते नमाज पढणाऱ्यांसंबंधीच आहेत, हे विसरता येत नाही. मोबाइल चार्ज करणे, मुलाला वाफारा देणे, दोन दिवस इन्सुलिनची कुपी फ्रिजमध्ये ठेवणे, टाकीत पाणी चढविण्यासाठी अर्धा तास पंप चालविणे, परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या मुलीला आपल्या दिवाणखान्यात अभ्यासाला बसू देणे, ही आजची ‘माऊन’ आहे. पावसात गल्लीभर तारा ओढून वीज देण्याचा धोका मात्र पत्करू नये. उदारतेलाही शहाणपणाची जोड हवी. तारा ओढण्यापेक्षा दार उघडे ठेवणे अधिक सुरक्षित असते आणि अधिक आपुलकीचेही.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. प्रेषितांनी (स.) या कामासाठी आवाहन केले होते ते असे की, घेणाऱ्याचे पोहरे त्या विहिरीत इतरांच्या पोहऱ्यांसारखेच एक असावे. मालकाचेही पोहरे तेथे आहे, तो तहानलेला राहत नाही. पण ते पोहरे रांगेतील एक आहे.

आपल्या मशिदींना हा आदर्श विशेष लागू पडतो. अनेक मशिदींत आता एसी आहेत, जनरेटरही आहेत. रमजान उन्हाळ्यात आला की तरावीहच्या वेळी गारवा असावा ही इच्छा गैर नाही. परंतु तो पैसा लोकांच्या दानातून आलेला असतो, आणि दानाचा पैसा खर्च करणारा विश्वस्त असतो, मालक नसतो. वीज गेली असता मशिदीच्या जनरेटरवर प्रथम अजान व वुजूचे पाणी, दिवे आणि पंखे चालावेत. त्यानंतर गल्लीतील कोणाही माणसाला, तो कोणत्याही धर्माचा असो, बोअरचे पाणी व मोबाइल चार्ज करण्याची सोय मिळावी. एसीचा क्रमांक त्यानंतरचा. अंधाऱ्या गल्लीत ज्या मशिदीच्या दारात हंडे-कळशा भरून मिळतात, तिला आपली ओळख करून देण्यासाठी भाषण करावे लागत नाही.

सुटका करून घेणाऱ्यांची जबाबदारी

आणखी एक मुद्दा आहे, आणि तो कदाचित सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याच्या घरी जनरेटर आहे त्याला वीज गेल्याचे दुःख उरत नाही. तक्रार नोंदविण्याची त्याला घाई नसते, वाकलेल्या खांबासाठी अर्ज करण्याची निकड नसते, नगरसेवकाला जाब विचारण्याचे कारण नसते. गल्लीतील ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती माणसे अशी एकेक करून त्रासातून बाहेर पडली की मागे राहतात ती, ज्यांचे कोणी ऐकत नाही. यंत्राचा आवाज शेजाऱ्याला एक रात्र छळतो. या मौनाचा त्रास त्याला वर्षानुवर्षे होतो.

महाराष्ट्राने भारनियमनाची कित्येक वर्षे सोसली आहेत. त्या काळात, २००६ मध्ये, पुण्यात एक निराळा प्रयोग झाला. उद्योगांनी आपले स्वतःचे जनरेटर चालवून सार्वजनिक जाळ्यावरील मागणी कमी केली, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली, आणि जादा खर्चाचा भार अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर टाकण्यात आला. हा प्रयोग निर्दोष होता असे नाही. डिझेल जळत होतेच, आणि ज्यांना जादा दर परवडतो अशा शहरापुरतीच ती सुटका होती. तरीही त्यात एक बोध आहे. खासगी यंत्र केवळ मालकाच्या सुटकेसाठी न चालता सामाईक भार हलका करण्यासाठीही चालू शकते, फक्त तशी व्यवस्था बसवावी लागते.

आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण पाहू. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर शेतकऱ्यांनी ठिय्या दिला होता. शेतीपंपांना दिवसा दहा तास वीज मिळावी, ही त्यांची मागणी होती. पंपाची वीज रात्री मिळाली की शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत उसाला पाणी पाजावे लागते. शहरात वीज गेली की आपण तासाभरात अस्वस्थ होतो. त्याच विजेची वाट पाहत कोणी रात्रभर बांधावर जागे असते. सूरह तकासुरमध्ये ज्या नेमतींविषयी विचारणा होणार असे सांगितले आहे, त्यांत ‘हवे तेव्हा बटन दाबता येणे’ ही नेमतही निश्चितच असेल.

मग करावे काय?

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. घरात आजारी, वृद्ध किंवा तान्हे मूल असून उकाडा त्यांना घातक ठरत असेल, तर जनरेटरवर एसी चालविणे नुसते वैध नाही, ते इष्ट आहे. शेजाऱ्यानेही अशा वेळी थोडा आवाज सोसावा. सोसणे हाही शेजारधर्मच आहे. मात्र एकच खोली गार करावी आणि सर्वांनी तीत झोपावे. निरोगी घराने प्रथम पंख्यावर भागवावे. साधा इन्व्हर्टर व कमी विजेचे पंखे एवढ्यावर बहुतेक रात्री निभतात, त्यांचा आवाज नाही आणि धूरही नाही. छतावर सौरऊर्जा बसविण्यासाठी केंद्र सरकारच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. परंतु ज्या सौरयंत्रणेला बॅटरीची जोड नाही ती वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडते, हे खरेदीपूर्वी जाणून घ्यावे. जनरेटर घ्यायचाच असेल, तर जागा शेजाऱ्याला विचारून ठरवावी, चेंजओव्हर स्विच जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा, आणि रात्री दहानंतर अत्यावश्यक कारणावाचून तो चालवू नये. शहर संकटात असेल, तर इंधन प्रथम जिवासाठी, मग पाण्यासाठी, मग उजेडासाठी वापरावे. आणि गल्लीची वीज गेली की तक्रारीचा पहिला फोन जनरेटरवाल्याच्या घरून जावा, कारण त्याच्यावरील उपकार इतरांपेक्षा अधिक आहेत.

हे सारे नियम कागदावर सोपे आहेत; अवघड असते ते बटनापाशी उभे राहून स्वतःला विचारणे की, हा हात गरजेने पुढे झाला आहे की सवयीने. त्या क्षणी मुफ्ती जवळ नसतो, पोलीस नसतो, शेजारीही अंधारात असतो. पाहणारा केवळ अल्लाह असतो. आणि तो पाहतो आहे ही जाणीव जागी असणे, यालाच तकवा म्हणतात.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या नेमतींचा उपभोग मर्यादेत राहून घेण्याची, आणि आपल्या सुखाचा भार दुसऱ्याच्या खिडकीवर न टाकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.